फेट्याच्या मापाची चौकट

पांगरगावच्या कोंडीबाला आयुष्यात कशाचीच भीती वाटत नाही, असं तो स्वतः सगळ्यांना सांगायचा, आणि ते बरंचसं खरंही होतं. उधळलेल्या बैलाला तो आडवा जायचा, विहिरीत साप निघाला की दोर धरून खाली उतरायचा. पण शहात्तर सालच्या उन्हाळ्यात या बहाद्दरावर अशी पाळी आली की सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. कारण ट्रॅक्टरच्या मडगार्डवर त्याची बायको बसलेली असायची.

तो ट्रॅक्टर म्हणजे कोंडीबाचा जीव की प्राण. अकलूजच्या एका बागायतदारानं दहा वर्षं पिदडून काढलेला तो गडी कोंडीबानं मोठ्या थाटात वाजतगाजत गावात आणला होता. त्याचा रंग तांबडा, असं फक्त कोंडीबा म्हणायचा, बाकीच्यांना गंजच दिसायचा. पण टेंभुर्णीपासून पाच मैलांवरच्या त्या गावात तो पहिला आणि एकुलता एक ट्रॅक्टर होता. नांगरटीसाठी लोक महिना महिना आधी येऊन नंबर लावून जायचे. कोंडीबा फेटा बांधून ट्रॅक्टरवर बसायचा, आणि वाटेत कुणी रामराम घातला तर नुसती बोटं उचलायचा. मान वळवली की फेटा हलतो, असं त्याचं म्हणणं होतं.

फाल्गुनात अकलूजहून सांगावा आला. कोंडीबाच्या बायकोचा, गोजरबाईचा, धाकटा भाऊ भीमा तिकडं एका मालकाचा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. भरलेली ट्रॉली घेऊन कालव्याचा चढ चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली आणि सगळं धूड मागच्या मागं उलटलं. भीमा नशिबानं बाजूच्या चिखलात फेकला गेला, मांडीचं हाड मोडलं, पण जीव राहिला. गोजरबाई चार दिवस भावाजवळ राहून आली. तिथं तिनं तो ट्रॅक्टरही पाहिला. जिथं भीमा बसायचा, त्या सीटमध्ये स्टिअरिंग रुतून बसलं होतं.

ती एसटीनं परत आली तेव्हा रडली नाही. दुसऱ्या दिवशी कोंडीबानं ट्रॅक्टर चालू केला तशी ती बाहेर आली, पदर खोचला आणि डाव्या मडगार्डवर चढून बसली.

कोंडीबानं तिला उतरायला सांगितलं. मग दरडावून सांगितलं. मग लोक काय म्हणतील ते सांगितलं.

"उलटला तर दोगं जाऊ," गोजरबाई म्हणाली. "मागं राहून मी एकटी काय करू?"

 बाईमाणूस आहे, दोन दिवसांत कंटाळेल, असं मनाशी म्हणत कोंडीबानं गिअर टाकला. गोजरबाई दीड महिना कंटाळली नाही.

पहाटे उठून ती भाकऱ्या थापायची, फडक्यात बांधायची आणि मडगार्डवर हजर व्हायची. नांगरट चालू असली की बांधावर बसायची, ती संपली की परत वर. डिझेल आणायला टेंभुर्णीला गेलं तरी बरोबर. वळण आलं की ती म्हणायची, "हळू." ओढा आला की, "हळू." समोरून कोंबडी पळत आली तरी, "हळू." वाटेत तिची नजर सगळीकडं असायची. अमक्याची करडई कशी वाळली, तमक्याच्या विहिरीचा कठडा कसा ढासळला, कुणाची गाय गाभण आहे, हे सगळं ती इंजिनाच्या वरताण आवाजात सांगायची. कोंडीबा ऐकत नाही असं दाखवायचा.

त्याला गावाचा जाच जास्त होता. मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर बसणाऱ्यांना त्या वर्षी दुसरा उद्योगच राहिला नाही. ट्रॅक्टरचा डायवर कोण आणि मालक कोण, यावर तिथं पैजा लागायच्या. एक दिवस गोजरबाई तापानं घरी राहिली तर सरपंच एकनाथअण्णा भर रस्त्यात हात करून ट्रॅक्टर थांबवून विचारते झाले, की आज सायेब रजेवर हायत का. एकनाथअण्णा हा गंभीर माणूस. तोही असं बोलायला लागल्यावर कोंडीबाला जेवण गोड लागेना.

वाट काढली ती गोजरबाईनंच. टेंभुर्णीच्या नाक्यापुढं एक मालट्रक खड्ड्यात उलटा पडलेला तिनं पाहिला. चाकं आभाळाकडं, आणि त्याचा ड्रायव्हर शेजारी दगडावर बसून चहा पीत होता. तिनं ट्रॅक्टर थांबवायला लावला, खाली उतरली, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि त्या माणसाला विचारून आली की बाबा तू वाचलास कसा. तो म्हणाला, केबिन लोखंडाची आहे, चेपली पण बसली नाही.

"ट्रकाला डोकं हाय," ती परत चढत म्हणाली. "आपल्या ट्रॅक्टरला न्हाय. त्याला लोखंडाचं डोकं करा, मी उतरते."

कोंडीबाला आधी हसू आलं. मग त्यानं 'मी उतरते' हे शब्द मनात पुन्हा एकदा ऐकले आणि त्याचं हसू थांबलं. पण गोजरबाईनं त्याच दमात अटही घातली. आता घरी जायचं, ट्रॅक्टर दारात लावायचा, आणि डोक्यावर लोखंडी चौकट बसेपर्यंत तो गावच्या वेशीबाहेर काढायचा नाही. भीमाचा ट्रॅक्टरही आदल्या दिवसापर्यंत चांगलाच चालत होता, असं ती म्हणाली. कोंडीबा तिच्याकडं बघायला गेला आणि बघवेना. तिचे डोळे भरले होते. त्यानं कबूल केलं.

म्हणून मग टेंभुर्णीच्या धोंडीराम वेल्डरला सगळा सरंजाम बैलगाडीत घालून पांगरगावात यावं लागलं. धोंडीरामची ख्याती लोखंडी पलंगांसाठी होती. आसपासच्या दहा गावांत लग्नाचा पलंग म्हटलं की धोंडीरामचाच. ट्रॅक्टरला डोकं बसवायचं काम त्यानं कधी केलं नव्हतं, पण असं कबूल करायची त्याला सवय नव्हती. बोअरचे जाडजूड पाइप त्यानं आणले होते. ट्रॅक्टरभोवती दोनदा फिरून तो म्हणाला की हे काय, उभा पलंगच की. दोन खांब मागच्या आसाला आवळायचे आणि वरून एक आडवा घालायचा.

धोंडीराम टेप वापरत नसे. गाठी मारलेली एक सुतळी हेच त्याचं माप. उंची किती, असं त्यानं विचारलं तेव्हा गोजरबाई म्हणाली, धनी बसल्यावर त्यांच्या डोक्याच्या वर हातभर मोकळं पाहिजे. तेव्हा धन्यानं बसून दाखवणं आलं. आता माप द्यायचं म्हणजे एक प्रकारे फोटो काढण्यासारखंच, शिवाय अर्धं गाव दारात जमलेलं. कोंडीबा आत गेला आणि चांगला अर्धा तास लावून बाहेर आला. त्यानं लग्नकार्यातला गुलाबी फेटा बांधला होता आणि त्याला वीतभर तुरा काढला होता. तो सीटवर ताठ बसला. धोंडीरामनं सुतळी धरली, तुऱ्याच्या टोकापासून वर हातभर मोजलं आणि गाठ मारली. या कामात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

दोन दिवस ठिणग्या उडत राहिल्या. चौकट खरोखर भक्कम झाली. धोंडीरामनं तिला चार गडी लोंबकळायला लावले, मग कोंडीबाचा बैल दोरानं बांधून हिसके मारायला लावले. पाइप जरासुद्धा वाकला नाही. बोल्ट कुणी रात्री काढून नेऊ नयेत म्हणून त्यानं बोल्टांवरही वेल्डिंग मारून टाकलं. शेवटी, हात सवयीचा म्हणून, वरच्या आडव्या पाइपावर मधोमध एक पत्र्याचं कमळ आणि दोन्ही बाजूंना दोन पोपट बसवले. त्याच्या पलंगांवर ते असायचेच.

"पोपट कशाला रं?" कोंडीबानं विचारलं.

"राहू द्या की, रिकामं बरं दिसत न्हाय," धोंडीराम म्हणाला, आणि गोजरबाईकडं वळून अगदी खऱ्या मनानं बोलला, "वयनी, ट्रॅक्टर मोडंल, पण ही मोडायची न्हाय."

तिसऱ्या दिवशी नारळ फुटला. कमळाला हळदीकुंकू लागलं. शेवटचं एकदा म्हणून गोजरबाई मडगार्डवर बसली. वेशीपर्यंत येते, मग उतरते, असं तिनं सांगितलं. कोंडीबानं ऐटीत ट्रॅक्टर काढला. मागं पोरंबाळं, पुढं ओट्यावरची मंडळी. गावाबाहेर जायला गाडीवाट एकच, जुन्या दगडी वेशीतून. कोंडीबा वेशीत शिरला आणि वर खाडकन आवाज झाला. ट्रॅक्टर गचका खाऊन बंद पडला. सगळ्यांनी वर पाहिलं. चौकट वेशीच्या कमानीला वीतभर उंच होत होती.

 मग ओट्यावरचा एकजण हसला आणि त्यानंतर काही विचारू नये.

चौकटीशिवाय ट्रॅक्टरनं वेशीबाहेर जायचं नाही, हा गोजरबाईचा नियम होता. चौकटीसकट तो जात नव्हता. बोल्ट काढून पलीकडं बसवावी म्हटलं तर बोल्ट आता बोल्ट राहिलेच नव्हते. तुरा नसता तर हे झालंच नसतं, हे कोंडीबाच्या ध्यानात सगळ्यांच्या आधी आलं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्यानं चाकांतली हवा सोडून पाहिली, चार बोटं मिळाली. कमळ कापून टाकलं असतं तरी खालचा पाइप कमानीला अडकतच होता. धोंडीराम म्हणाला, खांब कापून वीतभर कमी करतो, पण मग जोड येणार, आणि जोडाची खात्री तो देणार नाही.

"जोड नगं," गोजरबाई म्हणाली.

मग वेस थोडी फोडावी असं कोंडीबानं सुचवलं. एकनाथअण्णा भडकले. कमानीत शेंदराचा गणपती बसलेला, गावाच्या अंगावरचं वस्त्र म्हणजे वेस, ती एका ट्रॅक्टरसाठी फोडायची? आणि त्यांनी एक जुनीच गोष्ट पुन्हा सांगितली. वेस आधीच वर्षावर्षानं खाली बसत चालली आहे, कलियुगाची खूण आहे. कडब्याच्या भरल्या गाड्या पूर्वी थेट आत यायच्या, गेल्या तीन-चार वर्षांत त्या कमानीला घासतात, निम्मा कडबा तिथंच अडकतो आणि गावची मोकाट जनावरं वेशीत उभी राहून तो उपटून खातात. अशा खचत्या वेशीला हात लावाल तर सगळीच खाली येईल. लोकांनी माना डोलावल्या. वेस खाली बसते आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

ट्रॅक्टर चार दिवस दारात उभा राहिला. वैशाख सरत आलेला, नंबर लावलेले लोक खोळंबलेले. काहींनी लाजत लाजत बैलं जुंपली. कोंडीबा घराबाहेर पडेना. ओट्यावर आता असा प्रश्न होता की पोपट पिंजऱ्यात आहेत की कोंडीबा. एवढ्यानं तो खचला नसता, पण पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या मनात खरोखर आलं की ट्रॅक्टर विकून टाकावा. तसं तो बोलून दाखवेपर्यंत गोजरबाईनं खोरं उचललं होतं.

ती वेशीत जाऊन उभी राहिली. वर बघितलं नाही, खाली बघितलं. मग ओट्याकडं वळली आणि एकनाथअण्णांना म्हणाली, "अण्णा, वेस न्हाय बसली. रस्ता वर आलाय."

लोकांनी कान टवकारले. ती म्हणाली, ती नवरी होऊन आली तेव्हा तिची गाडी वेशीत फरसबंदीवर खडखडली होती, तिला चांगलं आठवतं, ओटीतला नारळ खाली पडला होता. कुठं आहे ती फरशी? बहात्तरच्या दुष्काळात इथं सडकेचं काम निघालं. तेव्हा गावातल्या सगळ्या बाया डोक्यावरून पाट्या वाहत होत्या, आणि मुकादम म्हणेल तिथं मुरूम ओतत होत्या. सडक वेशीपर्यंतच होती, पण काम चालू राहावं म्हणून मुकादमानं वेशीतही ओतायला लावला. थरावर थर.

"हितं वीतभराच्या वर मुरूम हाय," गोजरबाई म्हणाली. "म्याच ओतलाय. मला इचारा."

एकनाथअण्णा म्हणाले की सडक सरकारी आहे, कागद लागेल, ओव्हरसियरला विचारावं लागेल. गोजरबाईनं तोवर पहिलं खोरं मारलं होतं. दुसऱ्या खोऱ्याला अंबुबाई आली, तिसऱ्याला दगडाबाई. दुष्काळात एका रांगेत पाट्या वाहिलेल्या बायका होत्या त्या, आपण टाकलेलं आपण काढायचं तर कुणाचा कागद, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा सरकारकडून खायला सुकडी मिळाली होती, आता गोजरबाई काय देणार, असं दगडाबाईनं विचारलं. कोंडीबानं तिथल्या तिथं सगळ्यांना भजी कबूल केली. ओट्यावरच्या पुरुषांनाही मग फार वेळ बसवेना.

दुपार कलायच्या आत खोरं खणकन वाजलं. खाली काळी, गुळगुळीत झालेली जुनी फरशी. अलीकडं-पलीकडं उतार धरून त्यांनी ती सगळी मोकळी केली. वेस जागच्या जागी होती. एकनाथअण्णांनी फरशीकडं बघितलं, कमानीकडं बघितलं आणि म्हणाले की तरी मला शंका होतीच.

कोंडीबा ट्रॅक्टर घेऊन आला. गोजरबाई मडगार्डवर. पाइप कमानीखालून दोन बोटं राखून गेला. कमळाची एक पाकळी तेवढी घासून वाकली. पलीकडं उजेडात येताच गोजरबाई म्हणाली, "थांबवा." ती उतरली, भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं, आणि बोलल्याप्रमाणं चालत घरी गेली.

कोंडीबा एकटा पुढं निघाला. किती दिवसांनी. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि ट्रॅक्टर असा पळवला की धुरळा टेंभुर्णीपर्यंत दिसला असेल. डोक्यावर चौकट आहे, आता काळ जरी आडवा आला तरी त्याचीच हाडं मोडतील, असं त्याला वाटलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आनंद टिकला. पण करडईचं रान कुणी कधी काढलं ते त्याला कळलं नाही. विहिरीचा कठडा बांधला की नाही, तेही नाही. बांधावर एकट्यानं भाकरी खाताना त्याच्या ध्यानात आलं की दीड महिना आपण सगळं ऐकत होतो. त्याला करमेना. हे मात्र त्याला स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं, म्हणून त्यानं ट्रॅक्टर आणखी जोरात चालवला.

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वळणावर तो तसाच जोरात आला. तिथं वाट काठाकाठानं जाते आणि उजवीकडं उतार आहे. उजवं चाक काठावरून सुटलं. ट्रॅक्टर एका अंगावर झुकला, आणखी झुकला, आणि कोंडीबाला आभाळ बाजूला दिसलं. मग कर्रकन आवाज आला आणि सगळं थांबलं. चौकट उतारावरच्या बाभळीच्या खोडाला जाऊन टेकली होती. नसती तर ट्रॅक्टर खाली ओढ्यात असता आणि कोंडीबा ट्रॅक्टरखाली.

तो स्टिअरिंगला मिठी मारून तिरका बसून राहिला. फेटा केव्हाच खाली ओढ्यात गेला होता.  आयुष्यात पहिल्यांदा त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीत त्याला भीमाच्या सीटमध्ये रुतलेलं स्टिअरिंग दिसलं नाही. दाराशी एकटी बसलेली गोजरबाई दिसली.

शेजारच्या रानातल्यांनी दोन बैलजोड्या लावून ट्रॅक्टर ओढून वर काढला. गावात बोलू नका, असं कोंडीबानं त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं. वाटभर त्यानं गोजरबाईला सांगायची गोष्ट जुळवली.

ती अंगणातच होती. पाण्याचा तांब्या त्याच्या हातात देऊन ती ट्रॅक्टरभोवती फिरली आणि उजव्या पोपटाजवळ थांबली. पोपटाची मान मोडली होती आणि पाइपाला हिरवी साल चिकटली होती.

"येशीला घासलं," कोंडीबा म्हणाला.

गोजरबाईनं सालीतला एक लांब पांढरा काटा उपटला आणि त्याच्यापुढं धरला. "येशीला काटं कवापास्नं आलं?"

जुळवलेली गोष्ट तिथंच संपली. कोंडीबा उंबऱ्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, चाक कसं सुटलं, आभाळ कसं दिसलं, फेटा कुठं गेला. गोजरबाई ऐकता ऐकता त्याच्या शेजारी खाली बसली. तिनं त्याचा दंड चाचपला, खांदा चाचपला, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. अकलूजला जे रडली नव्हती, तेही त्यात होतं. जरा वेळानं तिनं डोळे पुसले.

"चौकटीनं धरलं न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं. आता कसली काळजी."

"धरलं की," कोंडीबा म्हणाला. "पण चौकट पडल्यावर धरती, गोजर. पडायच्या आदी हळू म्हणत न्हाय."

 गोजरबाईनं तो काटा टाकला नाही, पदराच्या टोकाला टोचून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीबानं डाव्या मडगार्डवर घोंगडीची चौपदरी घडी घालून वर सुतळी आवळली. ट्रॅक्टर चालू करून तो तसाच उभा राहिला, ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यानं हाक मारली, "अगं, चल की. उशीर व्हतोय." गोजरबाई भाकऱ्या बांधून, दाराला कडी लावून, सावकाश आली आणि वर बसली.

मारुतीच्या देवळापाशी एकनाथअण्णांनी विचारलं, सायेब परत कामावर रुजू का. कोंडीबानं जुना फेटा बांधला होता, तुरा काढला नव्हता. त्यानं फेट्यासकट मान पुरती वळवली.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "रामराम."

पुढं वेस आली, तिथला उतार आला.

"हळू," गोजरबाई म्हणाली, आणि कोंडीबानं ब्रेकवर पाय ठेवला.